गुडघ्याच्या उंचीवरची कडी

३ मार्च, मंगळवार

धाकट्या,

आशीर्वाद आहेत आणि रागही आहे, तुला हवं ते आधी घे. फोन तू उचलत नाहीस. तुझ्या कंपनीच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या की खाणीवर दर आठवड्याला टपालाची पिशवी जाते. म्हणून लिहिते. पत्र उचलावं लागत नाही, ते पडून राहतं, आज ना उद्या वाचशीलच.

तुझ्या कुत्र्याने सोफा खाल्ला. कुरतडला नाही, खाल्ला. काल दीड वाजता दुकानातून आले तर आतला स्पंज घरभर आणि हा दारात शेपटी हलवत बसलेला, जणू मलाच उशीर झाला. त्याआधी माझी एक चप्पल, आईच्या चष्म्याची डबी आणि भिंतीचा एक कोपरा झाला होता. भिंत कोणी खातं का रे? जाताना पट्टा माझ्या हातात देऊन म्हणालास, ‘तुला सगळं एकटीला जमतं ना, मग हाही सांभाळ.’ दोन दिवसांपुरतं आणलेलं पिल्लू म्हणून त्याचं नाव पाहुणा ठेवलंस. चार वर्षं झाली. पाहुण्याचं वजन आता बत्तीस किलो आहे.

त्याच्या डोक्यात काही बिघाड झाला असेल म्हणून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी दात पाहिले, कान पाहिले आणि म्हणाल्या, ‘बिघडलं काही नाही, डोकं रिकामं आहे. पळवून हा थकायचा नाही. ह्याला डोक्याचं काम द्या. खाणं भांड्यात वाढू नका, शोधून काढायला लावा.’ मग एक पोकळ रबरी चेंडू दिला. त्याला एक भोक आहे, आत सुकं खाणं भरायचं, तो लोळवेल तसा एकेक दाणा बाहेर पडतो. मी म्हटलं, माणसांना कामं मिळत नाहीत आणि कुत्र्याला मी काम शोधू. त्या हसल्या नाहीत.

आई बरी आहे. सकाळी दहाच्या सुमाराला तिची ड्यूटी लागते, पर्स खांद्याला अडकवून निघते. टेलिफोन एक्स्चेंज बंद होऊन पंधरा वर्षं झाली हे तिला रोज कोण सांगणार. कोपऱ्यावरचा रस्ता आता सहा पदरी झालाय, ट्रक थांबत नाहीत. दुकानात गिऱ्हाईकाची किल्ली कापत असते आणि ती त्या रस्त्याच्या मधोमध उभी आहे असं दिसतं, हात थांबतो. दिवसातून दहा वेळा तरी.

पण तू जाताना आपण भांडलो त्या दिवशी म्हणाले तेच आजही म्हणते. म्हाताऱ्या माणसांना कोंडून ठेवणारी ती तुझी संस्था तुलाच लखलाभ होवो. माझ्या घरात आईच्या दाराला कडी लागणार नाही. सकाळी समोरच्या शिवणबाई तिच्याजवळ बसतात.

ताई


१२ मार्च, गुरुवार

धाकट्या,

रबरी चेंडू चार मिनिटांत रिकामा. मी घड्याळ लावून बसले होते. मग बाजारातून प्लॅस्टिकची थाळी आणली, आठ कप्पे, प्रत्येकावर सरकतं झाकण. खोक्यावर छापलं होतं ‘हुशार कुत्र्यांसाठी’. पहिल्या दिवशी सहा मिनिटं, दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी त्याने थाळी तोंडात धरून उलटी केली आणि माझ्याकडे असं बघितलं, की बाई, पुढचं काय ते बोल.

तीस वर्षं कुलपांच्या दुकानात काढलेल्या बाईकडे असं बघू नये. मी म्हटलं, थांब, तुझी जिरवते.

घर बांधलं तेव्हा बाबांनी कड्या ठोकभावात घेतल्या होत्या, घरातल्या सगळ्या दारांना त्याच आहेत, आठवतं? उरलेल्यांची पेटी दुकानात पडूनच होती. प्लायवूडचा एक खोका केला, बिजागरीचं झाकण लावलं आणि त्यावर त्यातली एक कडी बसवली. दांडीचा कान, म्हणजे धरायची पट्टी, आधी नाकाने वर उचलायचा, मग बाजूला सरकवायचा. पहिलं काम झाल्याशिवाय दुसरं होत नाही. आत उकडलेल्या अंड्याचे तुकडे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले नियम मी भिंतीवर लावलेत. आधी सोपं द्यायचं, मग एकच पायरी अवघड करायची. अडला तर मदत करायची. न सुटणारं काही द्यायचं नाही, कुत्रा त्याने खचतो, नाहीतर स्वतःला इजा करून घेतो. खेळ संपला की खोका उचलून ठेवायचा.

तीन दिवस लागले त्याला. पहिले दोन दिवस नुसतं खोक्यावर भुंकला. तिसऱ्या दिवशी कान वर गेला, दांडी सरकली आणि झाकण पडलं. तो स्वतःच दचकून मागे सरला. आणि आई हसली. खुर्चीत बसून बघत होती, तिने टाळ्या वाजवल्या. ती शेवटची कधी हसली होती ते मला सांगता यायचं नाही. ‘बाळ हुशार आहे हं,’ म्हणाली.

हो, बाळच म्हणाली. तुला म्हणायची तेच. महिनाभर झाला, ती त्यालाच बाळ म्हणते. तुला सांगणार नव्हते, आता लिहून गेले.

सोफ्याचा उरलेला भाग शाबूत आहे. तसाच आणखी एक खोका केलाय, सकाळी निघताना दोन्ही भरून ठेवते, तो त्यात गुंततो. शिवणबाईंकडे हल्ली पडद्यांचं मोठं काम आलंय, त्यांना रोज जमत नाही. पण मी बघते. बघते म्हणजे बघते, उगाच खोदून विचारू नकोस.

ताई


२१ मार्च, शनिवार

धाकट्या,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. आता जे उतरेल ते तसंच पाठवते.

परवा पावणेअकराला दुकानात फोन आला. पेट्रोल पंपावरचा माणूस होता. ‘एका कुत्र्याच्या पट्ट्यावर हा नंबर आहे. कुत्रा रस्त्याच्या मधे आहे, आणि त्याच्याबरोबर एक आजी आहेत.’

दुकान तसंच उघडं टाकून पळाले. तीन सिग्नल, कसे ओलांडले माहीत नाही. आई दुभाजकावर उभी होती. पर्स खांद्याला, एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात माझी. ट्रक गेला की तिची साडी उडत होती. पाहुणा तिच्या पायाशी चिकटून बसला होता, अंग थरथरत होतं त्याचं. मला बघून म्हणाली, ‘अहो बाई, गाडी अजून आली नाही, माझी शिफ्ट सुरू झाली असेल.’ मला बाई म्हणाली. मी तिचा हात इतका घट्ट धरला की अजून वळ आहे. घरी येऊन तिला बसवलं, पाणी दिलं आणि मग तिच्या पायातली माझी चप्पल काढली.

आता तू विचारशील, ती बाहेर आलीच कशी. तिचं दार उघडंच असतं ना.

नसतं. नोव्हेंबरपासून मी तिच्या दाराला बाहेरून कडी लावते. सकाळी नऊ ते दीड. शिवणबाई आठवड्यातून दोनदा डोकावतात, तेवढंच. पहिल्या पत्रात तुला धडधडीत खोटं लिहिलं. आधी कडी छातीच्या उंचीवर होती, तर आई फटीतून कंगवा घालून ती सरकवायची. म्हणून मी ती काढून खाली गुडघ्याच्या उंचीवर बसवली, तिथे तिला सुचत नाही. बसवताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. कसली बाई आहे मी.

मी मनाशी म्हणायची, कडी म्हणजे काही कुलूप नव्हे. घरात माणूस असताना बाहेरून कुलूप लावायचं नाही, हे बाबा प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगायचे, आग लागली तर काय करणार. कडी कोणीही येऊन काढू शकतं, शिवणबाईंकडे बाहेरच्या दाराची किल्ली आहे. बाहेरचं दार तर मी नुसतं ओढून घेते, आतून मूठ फिरवली की उघडतं. असं सगळं स्वतःला समजावून झालं होतं.

पण हे कबूल करायला पत्र लिहायला घेतलं नव्हतं. धाकट्या, त्या दिवशी मी कडी लावली होती. वाकले, गुडघा दुखला, दांडी सरकवली, कान खाली पाडला. मला स्पष्ट आठवतंय. आणि घरी आले तेव्हा कडी उघडी होती, मोडलेली नाही, ओरखडा नाही, नीट सरकवलेली.

म्हणजे मी लावलीच नव्हती. लावल्याचं आठवतंय ते कुठल्यातरी दुसऱ्या दिवसाचं.

ताई


२ एप्रिल, गुरुवार

धाकट्या,

आणखी दोनदा झालं. दोन्ही वेळा आई फाटकापर्यंतच गेली होती, शिवणबाईंनी खिडकीतून पाहून आत आणलं. दोन्ही वेळा मी कडी लावली होती. दोन्ही वेळा ती उघडी.

तुला म्हणून सांगते, दुसऱ्या कोणाला सांगायची हिंमत नाही. मंगळवारी दुकानात एक गृहस्थ किल्ली घेऊन आले. दात जरा घासायचे होते. मी हात पुढे केला आणि ते हत्यार मागायचं, माझ्याच खणातलं, तर त्याचं नाव येईना. कानस. आता लिहिताना येतंय. तेव्हा मी तशीच हात पुढे करून उभी. ते गृहस्थ म्हणाले, ‘बाई, बरं वाटत नाहीये का?’ मी म्हटलं, उकडतंय.

आईला साठाव्या वर्षी सुरू झालं असं आपण म्हणतो. मी त्रेपन्नची आहे, म्हणजे अजून सात वर्षं हातात आहेत, असं मी मनाशी धरून चालले होते. मग तिच्या एक्स्चेंजमधल्या मैत्रिणीचं बोलणं आठवलं. ती सांगायची की शेवटची दोन वर्षं आईचा खण चिठ्ठ्यांनी भरलेला असायचा. तीन हजार नंबर तोंडपाठ असलेली बाई घरचा नंबर चिठ्ठीवर लिहून ठेवायची आणि कोणी आलं की खण लावून घ्यायची. तेव्हा ती चोपन्नची होती.

माझ्या पर्समध्ये आत्ता चार चिठ्ठ्या आहेत. ‘गॅस बंद.’ ‘कडी लावली.’ ‘कडी परत बघितली.’ चौथीवर काय आहे ते बघायला मी पर्स उघडत नाहीये.

मग शहाणपणा केला. काल निघताना कडीचा मोबाइलवर फोटो काढला. आठ वाजून बावन्न मिनिटं, दांडी आत, कान खाली, सगळं दिसतंय. दुकानात दर पंधरा मिनिटांनी फोटो बघत होते, गिऱ्हाइकांना वाटलं असेल बाईंना नातू झालाय. दीडला आले तर कडी उघडी. आई पलंगावर बसून पाहुण्याला तिच्या कंगव्याने विंचरत होती.

आधी इतका आनंद झाला की मी खालीच बसले. म्हणजे माझं डोकं ठीक आहे, फोटो खोटं बोलत नाही. आणि मग दुसरा विचार आला. मी लावली, आईला आतून काढता येत नाही. मग काढली कोणी? माझ्या घरात, माझी आई एकटी असताना, कोण येतं? बाहेरच्या दाराचं कुलूप मी काल संध्याकाळीच बदललं, नवी किल्ली फक्त माझ्याकडे आणि शिवणबाईंकडे. आज आले तर कडी पुन्हा उघडी.

शिवणबाईंवर शंका घ्यायची का? घेतली. ज्या बाईने आईला दोनदा फाटकातून परत आणलं तिच्यावर. माणूस घाबरलं की किती हलकं होतं बघ.

पाहुण्याने तिसरा खोका सोडवला, त्याला दोन कड्या होत्या. पन्नास सेकंद. एरवी किती खूश झाले असते.

पुढच्या आठवड्यात एक दिवस दुकान उघडणार नाही. घरातच लपून बसणार आहे.

ताई


१० एप्रिल, शुक्रवार

धाकट्या,

सापडला. चोर सापडला.

तुझं कार्डही आज मिळालं. ‘मेमध्ये सुट्टी आहे. संस्थेत जागा आहे. काय ते कळव.’ तीन वाक्यं. तारेचे पैसे लागतात का रे तुझ्याकडे? त्याचं उत्तर शेवटी देते, आधी हे ऐक.

सकाळी रोजच्यासारखी तयार झाले. आईला चहा-बिस्किटं दिली, कडी लावली, पाहुण्याचे खोके भरले, बाहेरचं दार जोरात आपटलं आणि आतच राहिले. बैठकीच्या पडद्यामागे स्टूल टाकून बसले. हातात पाइप आवळायचा पाना होता, चांगला दोन किलोचा.  घरात आवाज फक्त खोक्यांचा. पाहुण्याने एक संपवला, दुसरा संपवला. मग उठला, अंग ताणलं आणि आईच्या दाराशी गेला.

नाकाने कान वर उचलला. बाजूला सरकवला. दार आत गेलं. आणि हा पठ्ठ्या उंबऱ्यावर बसला, शेपटी जमिनीवर आपटत, बक्षिसाची वाट बघत. आतून आई म्हणाली, ‘आलास बाळ?’ आणि अर्धं बिस्किट पुढे केलं.

पाना माझ्या पायावर पडला. अंगठा काळानिळा झालाय. मी हसत होते की रडत होते, मलाच कळत नव्हतं. अरे, मीच शिकवलं त्याला. मीच बाबांच्या पेटीतली कडी खोक्याला लावली, तीच घरातल्या दारांना आहे. मीच ती त्याच्या नाकाच्या उंचीवर आणून ठेवली. आधी एक कडी, मग दोन, पायरी-पायरीने. जगातला कुठला कुलूपवाला कुत्र्याला घरफोडी शिकवत असेल? बाबा असते तर दुकान दोन दिवस बंद ठेवून हसले असते.

पण नंतर पाय बर्फात घालून बसले तेव्हा हसू गेलं. त्याच्या लेखी ते दार म्हणजे माझा आणखी एक खोका आहे. मी निघताना तीन वस्तू बंद करून जाते, दोहोंत अंडं असतं आणि तिसऱ्यात आई. साडेचार तास, नोव्हेंबरपासून. तो तिला बाहेर काढतो आणि मी आले की पुन्हा आत घालते. हे तुला लिहू नये असं वाटतं. तरी लिहिते.

आता उपाय. दाराला त्याच कडीत कुलूप घातलं. दुकानातलं पितळी, सहा लिव्हरचं. कुलूप काही कुत्र्याला उघडायचं नाही. किल्ली एकच ठेवली, स्वतः कापली, दोरीत ओवून गळ्यात घातली. बाबांचा नियम मोडला, मला कळतंय. पण त्या रस्त्यावर तिला पुन्हा बघण्यापेक्षा हे बरं. शिवणबाई कडाडून नको म्हणाल्या, मी त्यांचं ऐकलं नाही. हे पत्र त्यांच्याच हाती पेटीत टाकायला देते, अंगठ्याने चालवत नाही.

आणि तुझ्या कार्डाचं उत्तर: गरज नाही. माझं डोकं जागेवर आहे, फोटो आहे, साक्षीदार आहे. चिठ्ठ्या सगळ्या फाडून टाकल्या. त्या दिवशी कानस आठवली नाही, तर लोकांना स्वतःच्या मुलांची नावं आठवत नाहीत. मेमध्ये कुत्र्याला भेटायला ये हवं तर.

ताई


२८ एप्रिल, मंगळवार

धाकट्या,

शनिवारी काय झालं ते तुला शिवणबाई फोनवर सांगणार होत्या. मी नको म्हटलं, माझं मीच लिहीन. काही भाग त्यांनी सांगितला तसा लिहिते, कारण माझ्याकडे तो सलग नाही.

दुपारी घरी आले. दारातूनच पाहुण्याचा आवाज ऐकू आला, भुंकत नव्हता, कण्हत होता. आईच्या दाराशी आडवा पडला होता. दाराच्या खालच्या भागावर रक्त होतं. त्याचं नाक सोललेलं, एक दात तुटून खाली पडलेला. आणि आतून आई दार वाजवत होती, हळूहळू, थांबून थांबून, किती वेळापासून कोण जाणे. म्हणत होती, ‘हॅलो, आवाज येतोय का माझा? हॅलो?’

दाराला कुलूप होतं.

मी ते बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. माझ्या घरात, माझ्या आईच्या दाराला बाहेरून कुलूप. मी ओरडत अंगणात गेले. शिवणबाई मापाची टेप गळ्यात तशीच घेऊन धावत आल्या. त्यांच्या अंगावर गेले मी. म्हटलं, ‘कोणी कोंडलं माझ्या आईला? घरात माणूस असताना बाहेरून कुलूप लावायची अक्कल कोणाची? आग लागली असती तर?’ मी म्हटलं, पोलिसांना बोलावते, किल्ली आत्ताच्या आत्ता द्या.

त्या म्हणाल्या, ‘ताई, किल्ली तुमच्या गळ्यात आहे.’

हात गळ्याशी गेला. दोरी होती. दोरीला किल्ली होती. दात बघितले, मीच कापलेले. माझ्या हाताची घासणी मला कुठेही ओळखू येते, शंभर किल्ल्यांत टाक, काढून दाखवीन. पण ती कधी कापली, कशाला कापली, गळ्यात कधी घातली, काहीच आठवत नव्हतं. शिवणबाई सांगत होत्या, दोन आठवड्यांपूर्वी तुम्हीच लावलंत, मी नको म्हणत होते, तुम्ही रोज लावता आणि रोज काढता. त्या खोटं बोलत नव्हत्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांच्याकडे बघत उभी होते आणि आत आई हॅलो हॅलो करत होती. कुलूप शेवटी त्यांनीच काढलं. माझा हात किल्ली धरण्याच्या लायकीचा नव्हता.

आता थोडं थोडं आठवतं. कुत्रा, पडदा, पायावर पडलेला पाना, एवढं आहे. कुलूप मात्र नाही. मी डोकं आपटून बघितलं, ते येत नाही.

काल डॉक्टरांकडे गेले. शिवणबाई बरोबर होत्या. डॉक्टरांनी पाच शब्द सांगितले आणि दहा मिनिटांनी विचारले. दोन आले. घड्याळ काढायला सांगितलं ते बरोबर काढलं, काटेसुद्धा. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावरून काही ठरवता येत नाही, दमल्यानेही होतं, काळजीनेही होतं, पुढच्या तपासण्या करू. बारा मेची तारीख दिली. चांगला माणूस आहे. माझ्याशी जरा सावकाश बोलत होता, आपण आईशी बोलतो तसं.

मला भीती वाटते रे. आईची वाटायची ती वेगळी होती, त्यात पळायला कुठेतरी जागा असायची, दुकानातून घरापर्यंत तरी. ही भीती घेऊन मी कुठे पळू? गॅस लावला की दोनदा बघते आणि दोनदा बघितलं का ते आठवत नाही. आईकडे बघते तर मला पुढच्या खोलीतून माझंच कोणीतरी बघतंय असं वाटतं. मी कुलूप लावलं याची लाज वाटते. पण ते लावणारी बाई मला माहीतच नाही, याचं भय त्याहून मोठं आहे. उद्या ती आणखी काय करेल?

सध्या दुकान बंद आहे. शिवणबाईंनी त्यांचं मशीन आमच्या बैठकीत आणून मांडलंय, दिवसभर इथेच शिवतात. आईच्या दाराची कडी मी काढली, चार भोकं तेवढी राहिली आहेत. पाहुण्याच्या नाकावर औषध लावतो. डॉक्टरीणबाई खूप रागावल्या, मी ऐकून घेतलं. न सुटणारं काही देऊ नका म्हणून त्यांनी बजावलं होतं. त्याला आता सोपंच देते. टॉवेलच्या घडीत अंड्याचे तुकडे लपवायचे, तो घडी उलगडतो. लपवायचं काम आई करते. तिला आवडतं. कुठे लपवलं ते ती विसरते, मीही, आणि मग तो शोधतो तेव्हा आम्हा दोघींनाही नवल वाटतं. यावर हसायला हरकत नाही, आम्ही हसतो.

मेपर्यंत थांबू नकोस. आत्ता ये. संस्थेबद्दल बोलू, मी आवाज चढवणार नाही. आईचं ठरव, आणि त्याच बैठकीत माझंही काय ते ठरव, माझ्यासमोर, मला समजतंय तोवर. तुला जे बोलले त्याची माफी मागते. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, त्यामुळे सगळ्याचीच मागते.

शिवणबाई म्हणतात, कुलूप लावलं त्याच दिवशी मी तुला लांबलचक पत्र लिहिलं होतं, त्यांनीच ते पेटीत टाकलं. असेल. मला ते लिहिल्याचं आठवत नाही. तू माझी पत्रं फाडून टाकली नसशील तर येताना घेऊन ये, सगळी. त्यात मी काय लिहिलंय ते मला वाचायचंय.

ताई